तोळा, सात-बारा आणि अमळनेरचे कागद : खान्देशातल्या पर्यायी गुंतवणुकीची पार्श्वभूमी

गुंतवणूक सल्लागार शेअर, रोखे आणि मुदत ठेवींना मुख्य मानतात. सोनं, जमीन, शेतमालाचे वायदे (आज भाव ठरवून पुढच्या तारखेला पुरे करायचे सौदे) यांना ते ‘पर्यायी’ म्हणतात. खान्देशात ही मांडणी नेमकी उलटी आहे. इथे पिढ्यान्‌पिढ्या घरचा पैसा सोन्यात, शेतीत आणि कापसात गेला. पर्यायी म्हणावा तो कागद, म्हणजे शेअर आणि रोखे. त्यामुळे ‘पोर्टफोलिओत थोडं सोनं घ्या’ हा सल्ला जळगावात ऐकवणं म्हणजे रावेरमध्ये केळी विकायला जाणं.

सुरुवात कापसापासून करावी लागते. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, लँकेशायरच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेना आणि मुंबईमार्गे जाणाऱ्या आपल्या कापसाला कधी नव्हे असा भाव आला. जीआयपी रेल्वे त्याच दशकात खान्देशात पोहोचली. युद्ध संपलं आणि भाव कोसळले. मुंबईत समुद्र हटवून जमीन करायला निघालेल्या बॅक बे कंपनीच्या शेअरवर सट्टा लावणाऱ्यांचे मुदतीचे सौदे १ जुलै १८६५ ला फिटायचे होते, ते फिटले नाहीत. कापूस आणि शेअर या दोन वेगळ्या गोष्टी त्याच काही महिन्यांत बुडाल्या, कारण दोन्हींत पैसा कापसाचाच होता.

हॅरी मार्कोविट्झ यांनी १९५२ मध्ये नेमकं हेच गणितात मांडलं: किती गोष्टींत पैसा आहे याला फारसं महत्त्व नाही, त्या एकत्र पडतात की नाही ते बघा. योगायोग असा की भारतात वायदे सौद्यांचा कायदाही १९५२ चाच. पण कापूस उत्पादकाच्या हाती वायदा काही आला नाही. १९७२ पासून महाराष्ट्रात कापूस एकाधिकार खरेदी योजना होती. कापूस सरकारलाच द्यायचा, भाव सरकारचा. भाव पटला नाही की गाड्या रातोरात सीमेपलीकडे मध्य प्रदेशात किंवा गुजरातेत जायच्या. एमसीएक्स हा वायदे बाजार २००३ मध्ये सुरू झाला. २०१५ मध्ये वायदे बाजार आयोग सेबीत, म्हणजे शेअर बाजाराच्या नियंत्रकात, विलीन झाला आणि शेतमालाचे सौदेही सेबीच्या नियमांखाली आले.

इथे एक घोळ हमखास होतो. ज्याच्या शेतात कापूस उभा आहे त्याने कापसाचा वायदा विकत घेणं हे विविधीकरण नाही, ती दुप्पट जोखीम आहे. त्याच्या उपयोगाचा असेल तर विक्रीचा सौदा. पण आकार आडवा येतो. एका गाठीत १७० किलो रुई (सरकी काढलेला कापूस), आणि क्विंटलभर कापसातून साधारण ३४ किलो रुई निघते. म्हणजे एका गाठीला पाच क्विंटल कापूस. एमसीएक्सवरचा सौदा बरीच वर्षं २५ गाठींचा होता, म्हणजे सव्वाशे क्विंटल. चार एकरवाल्याने त्यात उतरणं म्हणजे सौदा कमी आणि सट्टा जास्त. शिवाय भाव उलटा गेला की रोजच्या रोज मार्जिन (सौद्यापोटीची अनामत) भरावं लागतं, आणि शेतकऱ्याकडे पैसा येतो तो वेचणीनंतर.

आता सोनं. जळगाव सुवर्णनगरी का झाली यावर गप्पा पुष्कळ होतात, पण आपण दागिनाच का घेतो यामागे कायदाही आहे. चीन युद्धानंतर लगेच, जानेवारी १९६३ मध्ये, नवा दागिना १४ कॅरटच्या वर घडवायला बंदी आली. हजारो सुवर्णकारांचा धंदा बसला. ती अट १९६६ मध्ये गेली, पण १९६८ च्या सुवर्ण नियंत्रण कायद्याने बिस्किट, लगड घरात ठेवणं सामान्य माणसाला बेकायदा केलं. दागिना मात्र चालत होता. हा कायदा १९९० मध्ये रद्द झाला. तोवर एक अख्खी पिढी ‘बचत म्हणजे पाटल्या’ असंच शिकून मोठी झाली होती.

त्या सवयीची किंमत बिलावर दिसते. हिशेबाला सोपं म्हणून २२ कॅरटचा भाव दहा ग्रॅमला एक लाख धरू. मजुरी १० टक्के म्हणजे १०,०००. सोनं आणि मजुरी मिळून ३ टक्के जीएसटी म्हणजे ३,३००. हातात बांगडी येते १,१३,३०० रुपयांना. दुसऱ्या दिवशी मोडायला गेलात तर फार तर एक लाख. खडे असतील तर त्यांचं वजन वजा, घट लावली तर तीही वजा. भाव १३ टक्क्यांहून जास्त चढेपर्यंत तुम्ही तोट्यातच. लग्नासाठी घेत असाल तर हरकत नाही, त्याला गुंतवणूक म्हणू नका एवढंच. घेताना तीन खुणा भिंगातून बघा: भारतीय मानक ब्यूरोचं (बीआयएस) चिन्ह, २२के९१६ आणि सहा अक्षरांकांचा एचयूआयडी, म्हणजे त्या दागिन्याचा ओळख क्रमांक. १ एप्रिल २०२३ पासून, हॉलमार्क सक्तीचा आहे त्या जिल्ह्यांत, एचयूआयडीशिवाय दागिना विकता येत नाही. तो आकडा बीआयएस केअर अ‍ॅपवर टाकला की शुद्धता आणि दागिन्याचा प्रकार समोर येतो. अ‍ॅपवर ‘अंगठी’ आणि हातात साखळी असेल तर काउंटरवरच थांबा.

कागदी सोनं उशिरा आलं. पहिला गोल्ड ईटीएफ (शेअर बाजारात घेता-विकता येणारा सोन्याचा फंड) २००७ चा. सोन्याच्या भावाशी बांधलेले सरकारचे सार्वभौम सुवर्ण रोखे नोव्हेंबर २०१५ मध्ये ग्रॅमला २,६८४ रुपयांनी निघाले, आठ वर्षांनी ६,१३२ ने परत घेतले गेले, वर व्याज मिळालं ते वेगळं. शेवटची मालिका फेब्रुवारी २०२४ ची. आता रोखे हवे असतील तर शेअर बाजारात कुणाचे तरी जुने घ्यावे लागतात, आणि तिथे खरेदी-विक्री पातळ असते. जुलै २०२४ च्या अर्थसंकल्पात आयात शुल्क १५ वरून ६ टक्क्यांवर आलं आणि जागतिक बाजारात विशेष काही न घडता इथला भाव एका दिवसात उतरला. सोन्याला सरकारची जोखीम नसते म्हणणाऱ्यांनी तो दिवस आठवावा.

कागदाच्या बाबतीत अमळनेरची गोष्ट वेगळीच. डिसेंबर १९४५ मध्ये तिथे वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स ही वनस्पती तूप करणारी कंपनी निघाली, तीच पुढे विप्रो. गावातल्या काही घरांनी ते शेअर घेतले आणि विकले नाहीत. बोनस आणि विभाजनांनी त्यांचं काय झालं ते सगळ्यांना ठाऊक आहे. त्यावरून ‘एकच शेअर धरून बसा’ असा धडा काढणं चुकीचं ठरेल. त्याच काळात इतर गिरण्यांचे कागद धरून बसलेल्यांची नावं कुणी सांगत नाही.

जुन्या कागदांची एक अडचण मात्र आजची आहे. १ एप्रिल २०१९ पासून कागदी शेअरचं हस्तांतर बंद आहे. आधी डीमॅट करावं लागतं. सलग सात वर्षं लाभांश घेतला नसेल तर शेअरच सरकारच्या आयईपीएफ या गुंतवणूकदार संरक्षण निधीकडे जातात. ते परत मिळतात, पण आयईपीएफ-५ अर्ज भरून, आणि आजोबांच्या नावाचं स्पेलिंग आधारवर, सात-बाऱ्यावर आणि सर्टिफिकेटवर तीन तऱ्हेचं असेल तर बरेच महिने जातात. पेटीतली सर्टिफिकेटं आजच काढा, फोलिओ क्रमांक लिहून घ्या.

भिशी आणि पतसंस्थांचं थोडक्यात: बँकेतल्या ठेवीला पाच लाखांपर्यंत विमा आहे, पतसंस्थेच्या ठेवीला तो नाही. बुडालेल्या पतसंस्थांमागे धावताना अनेकांना हे पहिल्यांदा कळलं.

जमिनीला पर्याय म्हणून आरईआयटी आली, म्हणजे अनेकांच्या पैशातून भाड्याच्या इमारती धरणारी संस्था. नियम २०१४ चे, शेअर बाजारातली पहिली नोंदणी एप्रिल २०१९ ची. सुरुवातीला लाखाच्या घरात पैसे लागायचे. २०२१ पासून एक युनिटही घेता येतं. तिला वाटपयोग्य रोखीतली ९० टक्के वाटावीच लागते आणि ते भाडं बंगळूर-मुंबईच्या कचेऱ्यांचं असतं. एआयएफला, म्हणजे बड्या गुंतवणूकदारांच्या पर्यायी गुंतवणूक निधीला, किमान एक कोटी लागतात, म्हणून इथल्या बहुतेकांसाठी तो विषय संपला.

आता रावेरकडच्या एखाद्या घराचं बघा: दहा एकर केळी, गावाजवळ दोन प्लॉट, पतसंस्थेत ठेव, भाच्याच्या कृषी सेवा केंद्रात भागी. चार गोष्टी, खुंटी एकच. सीएमव्ही या केळीवरच्या विषाणूरोगाने बाग गेली की घड नाहीत, दुकानाची उधारी अडकते, ठेवी काढायला रांग लागते. प्लॉट विकायला काढला तरी तो घेणारा कोण? शेजारचाच, आणि त्याचीही बाग त्याच रोगाने उपटलेली.