तहान नसताना पाणी का ढोसायचं?
सिंहगड-राजगड-तोरण्यासारखी डोंगरातली लांब शर्यत पहिल्यांदाच पळणाऱ्याला एक सल्ला हमखास मिळतो: ‘तहानेची वाट बघू नकोस, दर पंधरा मिनिटांनी पाणी पीत राहा.’ सल्ला प्रेमाचा, पण चुकीचा.

तासन्‌तास पळताना शरीर पाणी धरून ठेवतं, लघवी कमी होते. त्यात आपण ओतत राहिलो की रक्तातलं सोडियम पातळ होतं. २००२च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये तपासलेल्या ४८८ धावपटूंपैकी १३ टक्क्यांचं सोडियम कमी निघालं, आणि ज्यांचं वजन पळताना वाढलं होतं (हो, वाढलं!) त्यांना धोका अधिक होता.

मळमळ, डोकेदुखी, बोटं सुजून घड्याळाचा पट्टा काचणं, बोलण्यात गोंधळ: ही सोडियम घटल्याची लक्षणं. अशा वेळी सोबती घाईघाईने आणखी बाटली तोंडाला लावतात. तेच जिवावर बेतू शकतं. ओआरएस घेतलं की झालं, असंही नाही: त्यातलं सोडियम रक्ताच्या साधारण निम्मंच असतं.

पाणी पाठीवर भरपूर न्या, कातळावरच्या उन्हात ते लागतंच. प्यायचं मात्र तहानेप्रमाणे. गोंधळलेल्या माणसाला थेट डॉक्टरांकडे न्या.