चेतापारेषक ग्राही आणि जनुक-नियमन

चेतापेशीच्या पटलावरील ग्राही प्रथिनाला ग्लुटामेट, डोपामिन किंवा ॲसिटिलकोलिनसारखा चेतापारेषक (चेतापेशींमधला रासायनिक निरोप्या) चिकटला, की त्याचे परिणाम दोन टप्प्यांत दिसतात. पहिला मिलिसेकंदांचा: पेशीचा विद्युतदाब बदलतो. दुसरा मिनिटांचा आणि तासांचा: केंद्रकातली ठरावीक जनुके वाचली जातात आणि नवी प्रथिने तयार होतात. दीर्घकालीन स्मृती, व्यसन आणि पेशीचे जगणे-मरणे या दुसऱ्या टप्प्याशी बांधलेले आहे.

हा दुवा १९८६ मध्ये स्पष्ट झाला. मायकेल ग्रीनबर्ग, एडवर्ड झिफ आणि लॉइड ग्रीन यांनी उंदराच्या अधिवृक्क ग्रंथीतील अर्बुदापासून बनवलेल्या पीसी१२ पेशींतले निकोटिनिक ॲसिटिलकोलिन ग्राही उद्दीपित केले, आणि काही मिनिटांत सी-फॉस जनुकाचे प्रतिलेखन (जनुकावरून आरएनए प्रत बनणे) सुरू झाले. त्यासाठी बाहेरचे कॅल्शियम आत यावे लागत होते. पुढची बहुतेक कथा या कॅल्शियमचीच आहे.

एनएमडीए ग्राही, म्हणजे ग्लुटामेटने उघडणारी एक आयन-वाहिनी, हे त्याचे सर्वाधिक अभ्यासलेले द्वार. ते उघडण्यासाठी ग्लुटामेट आणि त्याच्या जोडीला ग्लायसिन किंवा डी-सेरीन लागते. शिवाय वाहिनीच्या तोंडात अडकलेला मॅग्नेशियम आयन बाहेर पडावा म्हणून पेशीचे आधीच विध्रुवण (पटलावरील विद्युतदाबाचा फरक कमी होणे) झालेले असावे लागते. विश्रांत चेतापेशीत मुक्त कॅल्शियम सुमारे १०० नॅनोमोलर असते, तर बाहेर १ मिलिमोलरहून अधिक, म्हणजे दहा हजारपट. त्यामुळे द्वार क्षणभर उघडले तरी खुणेपुरते कॅल्शियम आत येते. विध्रुवणामुळे एल-प्रकारच्या कॅल्शियम वाहिन्याही उघडतात; केंद्रकाकडे निरोप पोचवण्यात त्यांचा वाटा मोठा आहे.

आत आलेले कॅल्शियम कॅल्मोड्युलिन या प्रथिनाला चिकटते. तिथून एक वाट वेगवान आहे: कॅल्मोड्युलिनवर अवलंबून असणारे कायनेज (फॉस्फेट बसवणारे विकर) केंद्रकातील चौथ्या प्रकारच्या कॅम-कायनेजला जागे करते. दुसरी, रास आणि ईआरके प्रथिनांची वाट सावकाश चालते, पण तिचा परिणाम जास्त वेळ टिकतो. दोन्ही वाटा जनुके चालू करणाऱ्या क्रेब या प्रथिनाच्या १३३व्या सेरीन या अमिनो आम्लावर फॉस्फेट बसवतात. क्रेब डीएनएवरील टीजीएसीजीटीसीए या क्रमावर बसते. फॉस्फेट लागल्यावर सीबीपी हे सहप्रथिन त्याला येऊन चिकटते, हिस्टोनांवर (डीएनए ज्यांभोवती गुंडाळलेला असतो त्या प्रथिनांवर) ॲसिटिल गट चढवते आणि तिथला क्रोमॅटिन, म्हणजे डीएनए-प्रथिनांची गुंडाळी, सैल होतो. माणसात सीबीपीच्या जनुकाची एकच प्रत बिघडली तरी रुबिनस्टाइन-टेबी लक्षणसमूह उद्भवू शकतो. बौद्धिक अक्षमता हे त्याचे एक लक्षण आहे.

‘क्रेबवर फॉस्फेट बसले म्हणजे जनुक सुरू झाले’ हे समीकरण मात्र कच्चे आहे. फॉस्फेट बसूनही प्रतिलेखन होत नाही, असे अनेकदा दिसते. कॅल्सिन्युरिन या विकराने फॉस्फेट काढल्यावर सिनॅप्सकडून (दोन चेतापेशींच्या सांध्याकडून) केंद्रकात जाणारे सीआरटीसी१ हे सहप्रथिनही लागते, आणि फॉस्फेट किती वेळ टिकले यालाही महत्त्व आहे.

आधी चालू होणाऱ्या जनुकांना नवे प्रथिन बनण्याची वाट पाहावी लागत नाही. फॉस, ईजीआर१ आणि एनपीएएस४ ही जनुके प्रतिलेखन-घटक, म्हणजे इतर जनुके चालू-बंद करणारी प्रथिने, बनवतात. ती दुसऱ्या फळीतील जनुके चालू करतात. आर्क या जनुकाचा आरएनए मात्र थेट शाखिकांत (चेतापेशीच्या निरोप घेणाऱ्या फांद्यांत) जातो आणि सक्रिय सिनॅप्सपाशी वापरला जातो. सी-फॉसचा आरएनए साधारण ३० मिनिटांत आणि त्याचे प्रथिन ६० ते १२० मिनिटांत शिखर गाठते.

कॅल्शियम किती आले याइतकेच ते कुठून आले हेही मोजावे लागते. हार्डिंगहॅम, फुकुनागा आणि बाडिंग यांनी २००२ मध्ये दाखवले, की सिनॅप्सवरील एनएमडीए ग्राही क्रेबला चालना देतात व पेशी तगवतात, तर सिनॅप्सबाहेरचे तेच ग्राही क्रेब बंद पाडून पेशीला मृत्यूकडे नेतात. त्यांच्या प्रयोगाची रीत सुटसुटीत आहे. बायक्युक्युलिन या रसायनाने पेशींना शांत ठेवणारे गाबा-ए ग्राही अडवले, की पेशीजाळे आपोआप पेटते आणि सिनॅप्सवरचे ग्राही उघडतात. सोबत एनएमडीए वाहिनी अडवणारे एमके-८०१ दिले तर ते फक्त उघड्या वाहिन्यांत अडकून बसते. मग द्रव बदलून ग्लुटामेट सोडले, की प्रतिसाद उरतो तो बहुतांशी सिनॅप्सबाहेरच्या ग्राहींचा. मधल्या काळात द्रवात ग्लुटामेट साचले, तर बाहेरचेही ग्राही अडतात आणि निकाल फसवा निघतो. एनएमडीए ग्राही अडवणाऱ्या मेमँटिनसारख्या औषधांच्या मात्रेचा प्रश्न याच भेदाशी जोडला जातो: हंटिंग्टन रोगाच्या उंदीर-प्रतिरूपात कमी मात्रेने फायदा दिसला, जास्त मात्रेने बिघाड वाढला.

डोपामिनची वाट वेगळी आहे. पट्टकेंद्रातील (स्ट्रायटम) डी१ ग्राही जी-प्रथिनामार्फत सायक्लिक एएमपी हा पेशीतला निरोप्या रेणू वाढवतात, त्याने पीकेए हे कायनेज जागे होते. पीकेए डार्प-३२ प्रथिनाच्या ३४व्या थ्रिओनिनवर फॉस्फेट बसवते. त्यामुळे ते पीपी१ या फॉस्फटेजला (फॉस्फेट काढणाऱ्या विकराला) रोखते, म्हणजे इतरत्र बसलेली फॉस्फेट जास्त काळ टिकतात. डी२ ग्राही हीच साखळी उलट फिरवतात. डार्प-३२ शोधणाऱ्या प्रयोगशाळेचे प्रमुख पॉल ग्रीनगार्ड यांना २००० साली आर्विड कार्ल्सन आणि एरिक कँडेल यांच्यासमवेत नोबेल मिळाले. कोकेनच्या वारंवार मात्रांनंतर साचणारे डेल्टा-फॉसबी हे तोकडे, पण चिवट प्रथिन याच पेशींत आढळते. ते आठवड्यांपर्यंत टिकू शकते.

मोजमापात चुका होतात त्या बहुधा सुरुवातीलाच. प्राण्याला हाताळण्यानेही फॉस वाढते, म्हणून त्याला आधी काही दिवस हाताची आणि पिंजऱ्याची सवय लावतात आणि प्रसंगानंतर ९० मिनिटांनी ऊती घेतात. पेशीसंवर्धनाचा द्रव बदलणे हाच एक उद्दीपक ठरतो. ३७ अंश सेल्सियसला विकराने ऊतीतल्या पेशी सुट्या करताना ही जनुके चालू होतात. म्हणून एकपेशी आरएनए मोजण्यापूर्वी प्रतिलेखन रोखणारे ॲक्टिनोमायसिन डी घालतात किंवा थंडीत केंद्रकेच वेगळी काढतात. क्रेबच्या फॉस्फेटरूपाची प्रतिद्रव्ये पुष्कळदा जवळच्या एटीएफ-१ प्रथिनालाही चिकटतात. म्हणून प्रथिने वजनानुसार वेगळी केल्यावर दिसणारी पट्टी कोणत्या वजनाची आहे ते पाहावेच लागते. फॉस्फटेज-रोधक टाकायला उशीर झाला, तर ऊती बर्फावर असली तरी संकेत फिका पडतो.