परदेशी लायसन्सवर स्कायडायव्हिंग

एका देशात काढलेलं लायसन्स घेऊन दुसऱ्या देशातल्या ड्रॉपझोनवर (विमानातून पॅराशूटने उड्या मारायच्या केंद्रावर) एकट्याने उडी मारायची तर जे कागद, गिअर म्हणजे पॅराशूट वगैरे सामान आणि ताजा सराव दाखवावा लागतो त्याबद्दलची ही नोंद. टँडेमला, म्हणजे इन्स्ट्रक्टरला बांधून घेऊन मारायच्या उडीला, लायसन्स लागतच नाही.

'लायसन्स' हा शब्दच जरा फसवा आहे. जर्मनीत ते सरकारने सोपवलेल्या अधिकारातून मिळतं, अमेरिकेत मात्र सरकार उडी मारणाऱ्याला लायसन्स देतच नाही, ते यूएसपीए ही मेंबर लोकांची संघटना देते आणि ड्रॉपझोनवाले ते मानतात. यात भर म्हणून 'एफएआय लायसन्स' असं बरेच जण म्हणतात. एफएआय ही 1905 सालची जागतिक हवाई क्रीडा संघटना, तिचं असतं ते प्रावीण्याचं सर्टिफिकेट आणि तेही देशोदेशीच्या सदस्य संस्थांमार्फत. ते असलं की कुठेही उडी मारता येते असं काही जण धरून चालतात, पण ते कौशल्याचा पुरावा आहे, परवानगी ज्याची त्या देशाची नि ड्रॉपझोनची, हेच म्हणणं जास्त पटण्यासारखं. भारतात एफएआयची सदस्य संस्था एरो क्लब ऑफ इंडिया आहे, तरी आपल्याकडचे बरेच जण बाहेर जाऊन यूएसपीएचंच लायसन्स काढतात.

यूएसपीएच्या ए लायसन्सला किमान 25 उड्या लागतात, बीला 50, सीला 200, डीला 500, शिवाय परीक्षा वगैरे असतातच. पण अक्षरं सगळीकडे जुळत नाहीत, ऑस्ट्रेलियात सर्टिफिकेटं एफपर्यंत जातात, म्हणून काउंटरवर नुसतं 'माझं बी आहे' सांगून भागत नाही, लॉगबुक उघडून एकूण उड्या आणि शेवटची उडी कधीची ते बघतात.

खरा घोळ गिअरचा, आणि तोही अमेरिकेत. तिथल्या हवाई नियमांच्या भाग 105 नुसार मान्यताप्राप्त सिस्टीमचं रिझर्व्ह पॅराशूट (मेन म्हणजे मुख्य पॅराशूट नीट उघडलं नाही तर वापरायचं राखीव) सिंथेटिक कापडाचं असेल तर मागच्या 180 दिवसांत सर्टिफाइड रिगरने, म्हणजे पॅराशूट तपासून पॅक करणाऱ्या परवानाधारक माणसाने, पॅक केलेलं पाहिजे (2008 पर्यंत ही मुदत 120 दिवसांची होती), युरोपातल्या काही देशांत मात्र हीच मुदत वर्षभराची, मग तिकडून आलेल्याचं काय करायचं? कलम 105.49 परदेशी माणसाला सवलत देतं: सिस्टीम त्याच्या स्वतःच्या मालकीची, एका हार्नेसमध्ये (अंगावर बांधायच्या पट्ट्यांमध्ये) मेन आणि रिझर्व्ह दोन्ही असलेली, त्याच्या देशाच्या नियमांत बसणारी असेल तर रिझर्व्ह त्याच्या देशाच्या पद्धतीने पॅक केलेलं चालतं. मेन त्याने स्वतः किंवा रिगरने केलेलं पाहिजे. आता हे कलम बोलतं फक्त अमेरिकेची मान्यता नसलेल्या परदेशी सिस्टीमबद्दल, आणि युरोपात वापरात असलेल्या कितीतरी रिगवर, म्हणजे अशा अख्ख्या सिस्टीमवर, अमेरिकी टीएसओचा (तिथल्या सरकारी मान्यतेचा) शिक्का असतोच. पासपोर्ट परदेशी म्हणजे सवलत आलीच असा एक अर्थ लावला जातो, पण शब्दशः वाचलं तर शिक्का असलेल्या रिगला 180 दिवसच लागू, आणि सावध ड्रॉपझोन हाच अर्थ धरतात. म्हणून जाण्याआधी विचारलेलं बरं, नाहीतर पहिला दिवस रिगरच्या दारात जातो.

एएडी म्हणजे ठरावीक उंचीखाली तुम्ही अजून जोरात पडत असाल तर रिझर्व्ह आपोआप उघडणारं यंत्र, जर्मन बनावटीचं सायप्रेस 1991 मध्ये आलं तेव्हापासून ते सर्रास झालं. काही ठिकाणी ते सक्तीचं आहे, तेव्हा सर्व्हिसची तारीख आणि आयुष्य उरलंय ना ते बघून घ्यायचं.

सरावाबाबत यूएसपीएची शिफारस अशी की ए लायसन्सवाल्याने 60 दिवसांत, बीवाल्याने 90 दिवसांत आणि सी, डीवाल्याने 6 महिन्यांत उडी मारलेली नसेल तर आधी देखरेखीखाली मारावी. विंगसूटला (हातापायांमध्ये कापडी पंख असलेल्या सूटला) यूएसपीएच्या नियमाने किमान 200 उड्या पाहिजेत.

थर्ड पार्टी विमा युरोपात बऱ्याच ठिकाणी मागतात. ब्रिटनमध्ये तो ब्रिटिश स्कायडायव्हिंगच्या मेंबरशिपसोबत येतो, पाहुण्यांनाही ती घ्यावी लागते, आणि ऑस्ट्रेलियातही तिथल्या फेडरेशनचं मेंबर व्हावं लागतं.

फ्रान्स, जर्मनीत उंची मीटरमध्ये बोलतात, 4000 मीटर म्हणजे साधारण 13,000 फूट. हातावरचं अल्टिमीटर फुटांचं असेल तर ब्रीफिंगमधले आकडे विमानात चढण्याआधीच फुटांत करून ठेवायचे.