मैदान नसलेल्यांचा क्लब: स्लम सॉकरची पार्श्वभूमी

नागपुरात फुटबॉलचा विषय निघाला की जुनी माणसं आधी कामठीचं नाव घेतात. १८२१ मध्ये इंग्रजांनी कन्हानकाठी तिथे छावणी वसवली, आणि पलटण गेली तिथे हा खेळ गेलाच. १८६७ मध्ये मुंबईहून रेल्वे नागपूरला पोचली, पुढे बंगाल-नागपूर रेल्वे आली, रेल्वेच्या वसाहती उभ्या राहिल्या. कामठी आणि मोमिनपुऱ्यातल्या विणकर वस्त्यांनीही फुटबॉल आपला मानला. कामठीचा रब्बानी क्लब, नागपूरचा यंग मुस्लिम ही नावं जिल्ह्याच्या लीगमध्ये आदराने घेतली जातात.

या क्लबांना खेळायला मैदान होतं, निदान वहिवाटीचं. झोपडपट्टीतल्या पोट्ट्यांच्या वाट्याला ते कधी आलंच नाही. स्लम सॉकर हा त्यांचाच क्लब. दोन चपला टाकल्या की गोल, आणि रस्त्यावर ऑटो आला की सामना थांबला.

हिस्लॉप कॉलेजचे क्रीडा शिक्षक विजय बारसे एकदा पावसात आडोशाला थांबले होते. समोर काही पोरं चिखलात एक फुटकी बादली लाथाडत होती. नागपूरच्या काळ्या मातीचा गारा पायाला कसा चिकटतो, हे इथल्या माणसाला सांगायला नको. त्या गाऱ्यात ती पोरं घसरत होती, पडत होती, पण खेळ काही थांबत नव्हता. बारसेंनी त्यांना बॉल दिला. खेळताहेत तोवर ही पोरं दुसऱ्या कुठल्याच भानगडीत नाहीत, हे त्यांच्यातल्या शिक्षकाने हेरलं. माझ्या मते स्लम सॉकरचा खरा जन्म तिथेच झाला; तो चालवणारी, कागदावरची क्रीडा विकास संस्था २००१ मधली.

संस्थेच्या २००२ च्या झोपडपट्टी फुटबॉल स्पर्धेला १२८ टीम आल्या. बाद पद्धतीनेही एवढ्या टीमचे १२७ सामने होतात. इतकी पोरं वस्त्यांमध्ये आधीपासूनच खेळत होती, त्यांना कुणी बोलावलं नव्हतं इतकंच. ‘झोपडपट्टी फुटबॉल’ हे नाव काहींना खटकेल. मला ते आवडतं, कारण खेळणारा कुठून आलाय हे त्यात लपवलेलं नाही.

जागेचा प्रश्न मात्र उरलाच होता. २००३ मध्ये ऑस्ट्रियातल्या ग्राझ शहरात बेघरांचा पहिला फुटबॉल विश्वचषक झाला. त्याचे नियम या वस्त्यांना अगदी सोयीचे होते: मैदानात एका बाजूचे चारच खेळाडू, सात-सात मिनिटांचे दोन डाव, २२ मीटर लांब आणि १६ मीटर रुंद जागा. नेहमीच्या मैदानाचा हा जेमतेम विसावा हिस्सा. एवढी मोकळी जागा दाट वस्तीतही शोधली तर सापडते. पुढे या विश्वचषकात भारताचा संघ उतरवण्याचं काम नागपूरच्याच या संस्थेकडे आलं आणि वस्तीतली मुलंमुली तिरंगा घेऊन परदेशात खेळू लागली.

२०१६ मध्ये संस्थेला फिफाचा विविधता पुरस्कार मिळाला. २०२२ मध्ये नागराज मंजुळे यांचा ‘झुंड’ आला, अमिताभ बच्चन पडद्यावर प्रशिक्षक झाले, आणि बारसेंची गोष्ट घरोघरी पोचली.

त्याच्या बरंच आधी, निवृत्तीनंतर हाती आलेल्या पैशातून बारसेंनी शहराबाहेर बोखाऱ्याला जमीन घेतली होती. पोरांना खेळायला.