पायाची ‘नस’: रोहिणी की नीला?

पाय दुखला की आपल्या तोंडी एकच शब्द येतो: नस. नस दबली, नस चढली, नस ब्लॉक झाली. मज्जातंतूलाही नस म्हणतात, हृदयाकडून रक्त आणणाऱ्या रोहिणीलाही आणि ते परत वर नेणाऱ्या नीलेलाही. मज्जातंतू आज बाजूला ठेवू. उरलेल्या दोघींत गल्लत झाली तर एकीचा उपाय दुसरीला घातक ठरू शकतो. आमच्या घरात ते घडलं आहे.

मावशीने पंचवीस वर्षं पोळी-भाजी केंद्रात उभ्याने पोळ्या लाटल्या. पोटरीवर गाठाळ, निळसर शिरा आल्या. संध्याकाळी घोट्यापाशी इतकी सूज यायची की चपलेच्या पट्ट्याचा वळ उठायचा. डॉक्टरांनी दाबाचे घट्ट मोजे दिले आणि तिला चांगलाच उतार पडला. काकांना मधुमेह, शिवाय विडीची सवय. थोडं चाललं की त्यांची पोटरी भरून यायची. “अगं, तुला गुण आला ना? दे ते मोजे इकडे,” म्हणून त्यांनी तेच चढवले. रात्री पाय ठणकायला लागला, तरी उशीवर उंच ठेवून झोपले. आठवडाभरात करंगळी काळीनिळी पडली.

मावशीच्या नीलांमधल्या झडपा निकामी झाल्या होत्या. वर जायचं रक्त खाली साचत होतं. अशा पायाला बाहेरून दाब दिला, पाय उंच ठेवला, की साचलेलं रक्त वर सरकतं. काकांच्या रोहिणीत चरबीचा आणि कॅल्शियमचा थर बसला होता, रक्त मुळात खालीच पोचत नव्हतं. त्यात घट्ट मोजे घातले आणि पाय उंच केला, तर येणारं थोडंसं रक्तही अडतं.

फरक घरीही बराचसा कळतो. नीलेचं दुखणं म्हणजे जडपणा, उभं राहून वाढणारा, आडवं पडल्यावर कमी होणारा. रोहिणीचं दुखणं ठरावीक अंतर चाललं की येतं आणि नुसतं थांबलं तरी काही मिनिटांत जातं. आजार वाढला की रात्री अंथरुणात पाय ठणकतो आणि माणूस तो पलंगाखाली लोंबकळत सोडून बसतो. नीलेची जखम बहुधा घोट्याच्या आतल्या बाजूला, काळवंडलेल्या कातडीवर होते. रोहिणीची होते बोटांवर किंवा टाचेवर, आणि पाऊल हाताला गार लागतं.

खात्रीसाठी घोट्याचा रक्तदाब मोजून त्याला दंडाच्या रक्तदाबाने भागतात. उत्तर ०.९ किंवा कमी आलं तर रोहिणीत अडथळा आहे असं समजतात. मधुमेहात रोहिण्या कडक होऊन आकडा फसवा, कधी १.४ च्याही वर येतो; मग अंगठ्याचा दाब मोजावा लागतो. रक्ताचा प्रवाह दाखवणाऱ्या डॉपलर सोनोग्राफीही दोन वेगवेगळ्या असतात, रोहिणीची आणि नीलेची. काकांचा पहिला रिपोर्ट ‘नॉर्मल’ होता, कारण तपासली होती फक्त नीला! चिठ्ठीवर नेमकं काय लिहिलंय ते वाचाच.

नीलेचा उपचार तुलनेने सरळ आहे: मोजे, चालणं आणि गरज पडली तर बिघडलेली नीला बंद करायला लेझर, रेडिओफ्रीक्वेन्सी किंवा फोमचं इंजेक्शन. बहुतेक जण त्याच दिवशी घरी जातात.

रोहिणीच्या बाबतीत घाई आणि दिरंगाई, दोन्ही महागात पडतात. फक्त चालताना दुखत असेल, तर आधी तंबाखू बंद, मग कोलेस्टेरॉल कमी करणारी स्टॅटिन गोळी, रक्त पातळ ठेवणारी गोळी आणि शिस्तीचं चालणं: दुखेपर्यंत चालायचं, थांबायचं, पुन्हा चालायचं, आठवड्यातून निदान तीनदा, तीन महिने. यानेच अनेकांचं न दुखता चालायचं अंतर वाढतं. पण रात्रीचा ठणका, न भरणारी जखम किंवा काळं पडलेलं बोट असेल, तर पाय वाचवण्यासाठी रक्त पोचवावंच लागतं, आतून फुग्याने म्हणजे बलूनने रोहिणी रुंद करणाऱ्या अँजिओप्लास्टीने किंवा अडथळ्याला वळसा देऊन रक्ताला नवी वाट काढणाऱ्या बायपासने. यातलं सरस कोणतं? २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या बेस्ट-सीएलआय या १,८३० रुग्णांच्या अभ्यासात, वळशासाठी रुग्णाच्या स्वतःच्या पायातली चांगली नीला उपलब्ध असेल तर बायपास उजवा ठरला. पुढच्याच वर्षी, मुख्यतः ब्रिटनमध्ये झालेल्या बेसिल-२ मध्ये गुडघ्याखालच्या अडथळ्यांसाठी आधी अँजिओप्लास्टी करणं सरस ठरलं. म्हणजे निवड रुग्णागणिक बदलते.

म्हणूनच असा सर्जन शोधावा जो दोन्ही करतो. फक्त बलूनच हाताशी असेल तर उत्तरही बलूनच मिळण्याचा धोका असतो. रक्तवाहिन्यांच्या शस्त्रक्रियेतली एम.सीएच. किंवा डीआरएनबी पदवी आहे का ते बघा. माझ्या दृष्टीने त्याहून मोठी खूण म्हणजे, डॉक्टर पावलावरची नाडी स्वतः बोटांनी चाचपून बघतात का. काकांच्या सर्जननी मोजे काढायला लावले आणि दोन्ही पावलं हातात घेऊन बराच वेळ नाडी शोधली. अँजिओप्लास्टी झाली. करंगळी गेली, पाऊल राहिलं.

मावशीच्या नीलेवर लेझर करायचं ठरलं तेव्हा त्याच सर्जननी तिचीही रोहिणी आधी तपासली. कारण मांडीच्या आतल्या बाजूने जाणारी जी लांब नीला लेझरने बंद करतात, तीच काढून पायाच्या किंवा हृदयाच्या बायपासला वापरतात. तिला हात लावण्याआधी विचारावं, “डॉक्टर, ही शीर पुढे लागण्याची शक्यता आहे का?”