ओव्हरफ्लोचा थेंब आणि वॉटर पंपाचा थेंब

उसाचा हंगाम सुरू झाला की मला तोच फोन येतो. कुणीतरी मोटरसायकलवर पेठनाक्यावरून सांगलीकडे निघालेलं असतं. उसाच्या ट्रॉल्यांमागे अर्धा तास रांगत जावं लागतं, रेडिएटरचा पंखा बंद व्हायचं नाव घेत नाही आणि घरी येऊन गाडी लावली की फरशीवर कूलंटचे, म्हणजे इंजिन गार ठेवणाऱ्या द्रवाचे, हिरवट थेंब. "भावा, कूलंट गळायला लागलंय, वॉटर पंप गेला वाटतं!" मग पावसाळा संपता संपता उलटा फोन येतो. "रोज दोन-चार थेंब पडतात, पण ते ओव्हरफ्लोचे असणार. सगळ्यांच्याच गाडीचं होतं." पहिल्याचा पंप (इंजिनातून कूलंट फिरवतो तो) ठणठणीत असतो. दुसऱ्याचा खरोखर जायला लागलेला असतो, आणि तोच निवांत असतो.

आपल्याकडचे बरेच जण एअर-कूल्ड, म्हणजे वाऱ्यानेच गार होणाऱ्या गाड्यांवर वाढले. रॉयल एनफिल्डच्या जुन्या हिमालयन ४११ ला कूलंट भरायचा प्रश्नच नव्हता, २०२३ साली आलेल्या ४५० ला रेडिएटर आहे. त्यामुळे कूलंटची गळती हा प्रकार अनेकांच्या दारात नव्यानेच आलाय. घोळ होणं समजू शकतो. पण मिस्त्री लोकही तोच घोळ घालतात, तेव्हा राग येतो.

ओव्हरफ्लो बहुतेकांना माहीत असतो, म्हणून थोडक्यात. कूलंट तापलं की फुगतं. रेडिएटरचं झाकण ठरावीक दाबापर्यंत ते अडवून धरतं (बऱ्याच गाड्यांच्या झाकणावर १.१ असा आकडा छापलेला असतो), त्यापुढे झाकणातली झडप उघडते आणि जास्तीचं कूलंट नळीतून बाजूच्या प्लॅस्टिकच्या टाकीत जातं. इंजिन गार झालं की तेच कूलंट परत आत ओढलं जातं. टाकीला वरून एक नळी असते, तिचं दुसरं टोक इंजिनाखाली मोकळं सोडलेलं असतं. टाकी वरच्या रेषेच्याही वर भरली असेल, तर जास्तीचं तिथून जमिनीवर पडतं. यात दुरुस्त करण्यासारखं काही नाही. कुणीतरी जास्त भरलंय, एवढंच.

आता पंपाकडे या, कारण खरी गफलत इथे होते. वॉटर पंपाचा दांडा एका टोकाला कूलंटमध्ये पंखा फिरवतो आणि त्याचं दुसरं टोक इंजिनात, ऑइलच्या बाजूला असतं. एकाच दांड्यावर एकीकडे पाणी आणि एकीकडे तेल. दोन्ही वेगळी ठेवायला दोन सील लागतात. कूलंटच्या बाजूला मेकॅनिकल सील, म्हणजे एकमेकांवर घासत फिरणाऱ्या दोन गुळगुळीत चकत्या आणि त्यांना दाबून धरणारी स्प्रिंग. इंजिनाच्या बाजूला साधं ऑइल सील. या दोघांच्या मध्ये मुद्दाम एक रिकामी जागा ठेवलेली असते आणि त्या जागेच्या तळाला बाहेर उघडणारं एक बारीक भोक असतं. त्याला वीप होल म्हणतात. दोन्हीपैकी कुठलंही सील हरलं, तर गळणारं द्रव दुसऱ्या बाजूला शिरू नये, बाहेर पडावं आणि मालकाला दिसावं, यासाठीच ते केलेलं आहे. तिथून कूलंट आलं तर मेकॅनिकल सील गेलं. तेल आलं तर ऑइल सील. दोन्ही आलं तर दोन्ही.

म्हणजे एका थेंबाचा अर्थ "टाकी जास्त भरलीय" आणि दुसऱ्याचा "सील संपत आलंय". आणि हे दोन थेंब एकमेकांपासून वीतभर अंतरावर पडतात. काही गाड्यांत तर वीप होललाही छोटी रबरी नळी लावून खाली सोडलेली असते. मग इंजिनाखाली दोन काळ्या नळ्या शेजारी-शेजारी लोंबतात आणि वरून बघणाऱ्याला दोन्ही सारख्याच दिसतात.

वेगळं ओळखायचं कसं? रंगावरून नाही. रंग दोन्हीकडे तोच असणार. मी आधी टाकी बघतो. इंजिन पूर्ण गार असताना, म्हणजे सकाळी, गाडी सरळ उभी करून पातळीवर बाहेरून चिकटपट्टी लावायची आणि चार दिवस नेहमीसारखी चालवायची. साइड स्टँडवर कललेल्या गाडीची पातळी बघून "कमी झालं" म्हणणाऱ्यांना माझी हात जोडून विनंती आहे, तसं बघू नका आणि तसं भरूही नका. अर्धे ओव्हरफ्लो तिथेच जन्माला येतात. ओव्हरफ्लो असेल तर पातळी वरून थोडी उतरते आणि एका जागी थांबते, कारण जास्तीचं निघून गेलं की विषय संपतो. पंपाचं सील असेल तर पातळी थांबत नाही. आज एक बोट, पुढच्या आठवड्यात आणखी एक.

वेळही सांगते. ओव्हरफ्लोचा थेंब बहुतेक गाडी बंद केल्यावर लगेच पडतो. पंपही थांबतो आणि वारंही, पण इंजिनातली धग कूलंटमध्ये उतरत राहते, म्हणून पहिली दहा-पंधरा मिनिटं दाब उलट वाढतो. नंतर फरशी कोरडी राहते. सीलचा थेंब चालत्या गाडीत पडतो, गार गाडीत पडतो, रात्री सगळे झोपल्यावरही पडतो.

खात्रीच करायची असेल तर जुन्या पांढऱ्या बनियनच्या दोन चिंध्या घ्या. एक ओव्हरफ्लोच्या नळीच्या टोकाला दोऱ्याने सैल बांधा, नळी दाबली जाणार नाही अशी. दुसरी पंपाच्या भोकाखाली. खाली पुठ्ठा, त्यावर पुढचं चाक कुठे होतं त्याची खूण. यवतेश्वरचा घाट चढून उतरून या आणि सकाळी बघा कुठली चिंधी ओली आहे. चालताना वाऱ्याने थेंब मागे उडतात, म्हणून मागच्या चाकाजवळ डाग दिसला की तिथेच शोधत बसू नका. वीप होलभोवती वाळलेल्या कूलंटची पांढुरकी-हिरवी पापडी जमली असेल, तर गळती आजची नाही. नुसता पुसट डाग असेल आणि चिंधी कोरडी राहत असेल तर मी पंप उघडत नाही, लक्ष ठेवतो. थेंब पडायला लागला की उघडायचाच.

आणि आता ज्यासाठी हे सगळं लिहायला बसलो ते. ते भोक बुजवू नका. मिरजेच्या एका मित्राच्या गाडीचा पंप ठिबकत होता. एका मिस्त्रीने "साहेब, कायमचं बंद करून देतो" म्हणत भोकात एमसीलची (वाळून दगडासारखी होणाऱ्या लांबीची) गोळी दाबली. थेंब बंद झाला आणि मित्र खूश. तीन आठवड्यांनी त्याने, इंजिनातलं ऑइल ज्यातून दिसतं त्या काचेचा फोटो पाठवला. आत दुधाच्या चहासारखं काहीतरी होतं, वर सायीसारखा थर. बाहेर जायची वाट बंद झाल्यावर कूलंटने ऑइल सीलमधून आतली वाट धरली होती. पंप माझ्यासमोर उघडला. मेकॅनिकल सीलच्या चकतीचा एक कपचा उडाला होता आणि दांड्यावर नखाला लागेल एवढी खाच पडली होती. सील बदलून भागलं असतं तिथे दांडा, बेअरिंग आणि तीन वेळा ऑइल बदलून इंजिन धुणं, एवढं करावं लागलं. भोक बुजवणं म्हणजे दुरुस्ती नाही, इंजिनात पाणी घालणं आहे.

(पावसाळ्यात महाबळेश्वर-पाचगणीच्या धुक्यात रोज छोट्याच फेऱ्या मारत असाल, तर ऑइलच्या झाकणाखाली थोडा दुधी फेस दिसू शकतो. ती वाफ असते. तासभर गाडी नीट तापवून चालवली की जाते. कूलंटची पातळी जागच्या जागी असेल तर घाबरू नका.)

सील बदलताना दोन्ही बदला. दांडा एकदा बाहेर काढल्यावर जुनं ऑइल सील परत बसवणारा मिस्त्री मला पटत नाही.

होज पाइपचा क्लॅम्प सैल असेल तर थंडीच्या पहाटे थेंब दिसतो आणि गाडी तापली की बंद होतो. आवळा, संपलं. टाकी भरलेली पण रेडिएटर रिकामा असेल, तर झाकणाचं रबर किंवा टाकीकडे जाणारी नळी बघा, कूलंट परत ओढलं जात नाहीये. टाकीत सारखे बुडबुडे येत असतील तर ते हेड गॅस्केट (सिलिंडर आणि त्याच्या हेडमधलं पॅकिंग) गेल्याचं लक्षण असू शकतं, थेट गॅरेज. आणि तापलेल्या गाडीचं झाकण उघडायचं नाही, कितीही घाई असली तरी.

सील लवकर का जातं, याचं एक कारण आपल्याच हातात असतं. टाकी कमी दिसली की बोअरचं पाणी ओतायचं. आपल्याकडच्या बोअरच्या पाण्याने बादलीला पांढरा थर चढतो, तोच क्षार त्या गुळगुळीत चकत्यांच्या मध्ये जातो. कास तलावाचं पाणी कितीही गोड लागलं तरी तेसुद्धा नको. डिस्टिल्ड वॉटर किंवा तयार मिसळलेलं कूलंट, आणि तेही मॅन्युअलमध्ये लिहिलेल्या प्रकारचं. "हिरवं होतं, हिरवंच टाकलं" याला काही अर्थ नाही, रंग नुसता रंग असतो. मोटरसायकलला शक्यतो सिलिकेट नसलेलं घ्या, कारण सिलिकेट सीलला घासतं.

घरापासून लांब असताना पंप ठिबकायला लागला, तर घाबरून टेम्पो बोलवायची गरज नसते. थेंब-थेंब असेल तर तापमानावर नजर ठेवून, दर थांब्याला इंजिन गार झाल्यावर टाकी बघत घरी येता येतं. मी लांबच्या प्रवासात अर्धा लिटर तयार कूलंट पिशवीत ठेवतोच. धार लागली असेल तर मात्र गाडी तिथेच थांबवायची.

घरी आल्यावर फरशी लगेच पाण्याने धुऊन काढा. कूलंटमधलं इथिलीन ग्लायकॉल चवीला गोड आणि विषारी असतं, कुत्री-मांजरं ते चाटतात. चिंधी आणि पुठ्ठाही अंगणात ठेवू नका.