नरक न मानणाऱ्याच्या तळहाताला घाम का येतो?

आमच्या लहानपणी गावातल्या घरी वर्षाकाठी दोन-तीन वेळा एक विशिष्ट प्रकारचे पोस्टकार्ड येत असे. पाठवणाऱ्याचे नाव नसे, अक्षर अनोळखी असे आणि कार्डाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत बारीक मजकूर दाटलेला असे. अमुक देवीच्या देवळात नाग प्रकटला, त्याने पुजाऱ्याला दृष्टान्त दिला, हे पत्र वाचणाऱ्याने तसेच पत्र एकवीस जणांना लिहावे. एकाने लिहिले त्याला गुप्तधन सापडले, एकाने फाडून टाकले त्याचा मुलगा सात दिवसांत गेला. माझे वडील देव मानत नसत आणि ते लपवतही नसत. ते कार्ड शांतपणे वाचत, न्हाणीघरातल्या बंबात टाकत आणि कामाला लागत. एका वर्षी असेच एक कार्ड जाळल्यानंतर तीन-चार दिवसांनी माझ्या मोठ्या भावाला कॉलेजातून परतायला उशीर झाला, तेव्हा शेवटची एसटी येऊन जाईपर्यंत वडील ओट्यावर उभे होते. पुष्कळ वर्षांनी त्यांनी मला सांगितले की त्या कार्डातले एक अक्षरही त्यांना खरे वाटले नव्हते, पण सात दिवस मात्र त्यांनी मोजले होते.

ही आठवण अलीकडे पुन्हा वर आली ती बहिणीच्या फोनमुळे. ती अमेरिकेत, टेक्सासमध्ये राहते. तिच्या नऊ वर्षांच्या मुलीला शाळेच्या बसमध्ये शेजारी बसणाऱ्या मुलीने सांगितले होते की येशूला न मानणारे सगळे नरकात जातात, म्हणजे तुम्हीही जाणार. त्या मुलीच्या बोलण्यात राग नव्हता, तिला खरोखरच काळजी वाटत होती. भाचीने घरी येऊन पहिला प्रश्न विचारला, ‘‘आजीपण?’’

नरकावरचा विश्वास अमेरिकेत अजून मोठ्या प्रमाणावर टिकून आहे. प्यू रिसर्च सेंटर या अमेरिकी पाहणी संस्थेच्या २०२१ सालच्या पाहणीत ६२ टक्के प्रौढ अमेरिकनांनी नरक असल्याचे सांगितले, आणि देव न मानणाऱ्यांना स्वर्गात प्रवेश मिळणारच नाही असे मानणारे ३२ टक्के निघाले. म्हणजे तिथल्या नास्तिकाला, हिंदूला, मुसलमानाला किंवा ज्यूला दुकानाच्या रांगेत, बसच्या बाकावर, रस्त्याच्या कोपऱ्यावर फलक घेऊन उभ्या असलेल्या माणसाकडून ‘तू नरकात जाशील’ हे ऐकावे लागते, यात नवल काही नाही. त्याने ते ऐकून मनाला लावून घेतले की मात्र आजूबाजूचे समंजस लोक हमखास एक प्रश्न विचारतात: तुझा जर नरकावर विश्वासच नाही, तर तुला त्याचे एवढे काय वाटते? हा प्रश्न वरकरणी बिनतोड वाटतो. गेल्या काही दशकांतले मानसशास्त्र मात्र सांगते की तो मुळातच चुकीचा आहे, कारण धमकीचा परिणाम होण्यासाठी तिच्यावर विश्वास असावाच लागतो, हे त्याचे गृहीतकच टिकत नाही.

याचा सर्वांत नेमका पुरावा फिनलंडमधून आला. मार्याना लिंडेमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात नास्तिक आणि श्रद्धाळू अशा दोन्ही प्रकारच्या माणसांना काही वाक्ये मोठ्याने वाचायला दिली. काही वाक्ये अगदी साधी होती, काही किळसवाणी किंवा क्रूर होती, आणि काहींमध्ये देवाला आव्हान होते: माझ्या आईवडिलांना बुडवून दाखव, मला आजारी पाडून दाखव, अशा धाटणीचे. वाचन चालू असताना बोटांना लावलेल्या इलेक्ट्रोडने त्वचेची विद्युतवाहकता मोजली जात होती. माणूस अस्वस्थ झाला की तळहाताच्या घर्मग्रंथी किंचित पाझरतात, डोळ्यांना दिसणारही नाही इतका घाम येतो आणि त्या ओलाव्यामुळे त्वचेतून वीज अधिक सहज वाहते. ही प्रक्रिया आपल्या इच्छेने थांबवता येत नाही. वाचून झाल्यावर प्रत्येकाला विचारले गेले की हे वाक्य उच्चारताना कसे वाटले. श्रद्धाळूंच्या मानाने नास्तिकांनी ती आव्हाने कमी त्रासदायक असल्याचे नोंदवले. त्यांचे तळहात मात्र श्रद्धाळूंच्या तळहातांइतकेच ओलावले होते.

इथे एक रास्त शंका येते. आईवडील बुडण्याची कल्पनाच भयंकर आहे, मग अस्वस्थता देवामुळे आली कशावरून? संशोधकांनाही ती सुचली होती. दुसऱ्या प्रयोगात त्यांनी फक्त नास्तिकांना घेतले आणि तशाच अनिष्टाची दोन प्रकारची वाक्ये दिली. एकात देवाला आव्हान होते, दुसऱ्यात नुसती ‘असे व्हावे अशी माझी इच्छा आहे’ एवढीच रचना होती. देवाचे नाव असलेल्या वाक्यांनी नास्तिकांच्या त्वचेवर अधिक परिणाम केला. ही माणसे खोटे बोलत होती, मनातून आस्तिक होती, असा निष्कर्ष काही जण लगेच काढतील, पण तो मला घाईचा वाटतो. प्रयोगातली माणसे थोडी होती, आणि घाम फक्त अस्वस्थतेची तीव्रता सांगतो, तिचे कारण सांगत नाही. लहानपणापासून ज्या शब्दाभोवती धाक, आदर, आजीचा आवाज आणि घरातली शिस्त गुंफलेली असते, तो शब्द विचार बदलल्यावरही शरीरात आपली जागा धरून राहतो, हे स्पष्टीकरण मला अधिक पटते.

पॉल रॉझिन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९८६ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांमध्ये याच स्वभावाचा एक घरगुती नमुना दिसतो. माणसांसमोर साखरेच्या दोन बाटल्या ठेवल्या गेल्या आणि ‘साखर’ व ‘सोडियम सायनाइड’ अशा दोन चिठ्ठ्या त्यांच्याच हाताने त्यांना हव्या त्या बाटलीवर चिकटवायला सांगितल्या. दोन्ही बाटल्यांत साखरच आहे हे त्यांना पक्के ठाऊक होते, चिठ्ठीही त्यांनीच लावली होती, तरीही विषाची चिठ्ठी असलेल्या बाटलीतल्या साखरेचे पाणी प्यायला ते कचरले. ज्ञान एका वाटेने येते आणि भीती दुसऱ्या. भीतीची वाट जुनी आणि जवळची असल्याने ती आधी पोहोचते. वडिलांचे सात दिवस मोजणे मला या बाटलीजवळ नेऊन ठेवावेसे वाटते.

पण बसमधल्या प्रसंगाचा सगळा उलगडा एवढ्याने होत नाही, कारण भाचीच्या घरात ख्रिस्ती नरकाचा धाक कधी नव्हताच. तिला जे लागले ते वेगळे होते, आणि ते समजण्यासाठी किपलिंग विल्यम्स या मानसशास्त्रज्ञाकडे वळावे लागते. एकदा ते बागेत बसले असताना खेळणाऱ्या दोघा अनोळखी माणसांची फ्रिस्बी, म्हणजे फेकायची तबकडी, त्यांच्यापाशी येऊन पडली. त्यांनी ती परत फेकली, त्या दोघांनी पुन्हा त्यांच्याकडे टाकली, काही वेळ तिघांचा खेळ रंगला आणि मग एकाएकी त्या दोघांनी त्यांच्याकडे टाकणे बंद केले. आपल्याला इतके वाईट का वाटावे, या विचारातून पुढे एक प्रयोग तयार झाला. संगणकाच्या पडद्यावर तिघे चेंडू झेलत-फेकत असतात आणि थोड्या वेळाने दोघे तिसऱ्याला वगळतात. एवढ्याशा गोष्टीने माणसाची आपलेपणाची भावना, स्वतःबद्दलचा आदर आणि आपल्या अस्तित्वाला काही अर्थ आहे ही जाणीव मोजता येईल इतकी खालावते. समोर माणसे नसून संगणकच चेंडू टाकतो आहे हे सांगितले तरीही ती खालावते. या मालिकेतला २००७ सालचा अभ्यास आपल्या विषयाच्या अगदी जवळचा आहे. त्यात सहभागी लोकांना सांगण्यात आले होते की वगळणारे खेळाडू कू क्लक्स क्लान या वर्णद्वेषी संघटनेचे समर्थक आहेत. ज्या लोकांचा तिटकारा वाटतो, त्यांनी खेळात न घेतल्याचेही त्यांना दुःख झाले.

‘तू नरकात जाशील’ या वाक्यात परलोकाची बातमी थोडी आणि इहलोकाची जास्त असते. ते वाक्य ऐकणाऱ्याला कळते की समोरच्याच्या हिशेबात माणसांच्या दोन रांगा आहेत, आपण दुसऱ्या रांगेत आहोत, आणि आपल्या वागण्याने त्यात काही फरक पडणार नाही. बहुसंख्याकांच्या गावात राहणाऱ्या अल्पसंख्याकाला हे वाक्य एकदा ऐकावे लागत नाही. ते वेगवेगळ्या तोंडांतून, कधी रागाने, कधी मायेने, वर्षानुवर्षे येत राहते.

परक्या माणसाला हे सांगायला कोणी मुद्दाम का जाते, याचेही संशोधन झाले आहे आणि त्याच्या मुळाशी द्वेषापेक्षा अविश्वास अधिक सापडतो. विल जर्व्हे, अझीम शरीफ आणि आरा नोरेन्झायान यांनी २०११ साली कॅनडातल्या व्हँकुव्हरमध्ये केलेल्या अभ्यासात लोकांना एका माणसाचे वर्णन वाचायला दिले. तो उभ्या असलेल्या गाडीला धक्का देतो, कोणी पाहत असल्याने आपली माहिती लिहिलेली चिठ्ठी गाडीवर ठेवल्याचे नुसते नाटक करतो आणि पुढे सापडलेल्या पाकिटातले पैसे काढून पाकीट कचऱ्यात फेकतो. हा माणूस कोण असावा याच्या अंदाजात लोकांनी नास्तिकाला ख्रिस्ती किंवा मुसलमान माणसापेक्षा फार वरचे स्थान दिले. नास्तिक आणि बलात्कारी यांच्यात तर अंदाजापुरता लक्षणीय फरकच आढळला नाही. २०१७ साली हाच प्रश्न अधिक क्रूर कथेसह, खुनांच्या मालिकेसह, भारतासह १३ देशांतल्या तीन हजारांहून अधिक लोकांपुढे ठेवला गेला. खुनी माणूस श्रद्धाळू असेल यापेक्षा नास्तिक असेल असा अंदाज बांधण्याकडे लोकांचा कल साधारण दुप्पट होता. स्वतः नास्तिक असलेल्यांमध्येही तो दिसला, ही त्यातली मला सर्वांत विषण्ण करणारी गोष्ट आहे.

या अविश्वासामागचा तर्क असा की वर बसून कोणी पाहत असेल, शिक्षा करणार असेल, तरच माणूस चोरी करत नाही. शरीफ आणि मायके रेमतुला यांनी ६७ देशांची आकडेवारी तपासली तेव्हा नरकावरचा विश्वास जिथे जास्त तिथे गुन्हे कमी असा संबंध आढळलाही होता. परंतु दोन गोष्टी सोबत आढळल्या म्हणून एक दुसरीचे कारण ठरत नाही. शिवाय २०१४ साली शरीफ आणि लारा अ‍ॅकनिन यांनी दाखवले की नरकावर विश्वास असण्याचा संबंध कमी समाधानाशी आहे, आणि लोकांना नुसते नरकाविषयी लिहायला लावले तरी त्यांची मनःस्थिती खालावते. धाक घालून माणूस वळतो, हेही सरसकट खरे नाही. दातांच्या निगेसंबंधीच्या १९५३ सालच्या एका गाजलेल्या प्रयोगात किडलेल्या हिरड्यांची सर्वांत भयानक चित्रे पाहिलेल्या गटानेच सल्ला सर्वांत कमी पाळला होता. दात घासण्याच्या बाबतीत जे झाले ते धर्माच्या बाबतीत उलटे होईल असे मानायला आधार नाही.

आपल्याकडे या धमकीची परंपरा परकी नाही. ‘नास्तिको वेदनिन्दकः’, म्हणजे वेदांची निंदा करणारा तो नास्तिक, असे मनुस्मृती म्हणते, आणि भागवताच्या पाचव्या स्कंधात २८ नरकांचे, तिथे कोणत्या पापाला कोणती यातना याच्यासकट, वर्णन आहे. गोपाळ गणेश आगरकरांनी बुद्धीला पटेल तेच लिहिले, तेव्हा पुण्यातल्या सनातन्यांनी ते जिवंत असताना त्यांची प्रेतयात्रा काढली. ज्या माणसाला परलोक मान्य नाही त्याला परलोकाची भीती घालून भागत नाही, म्हणून इथल्या समाजातूनच त्याला मृत घोषित करायचे, असा त्याचा अर्थ होता. वगळण्याचे याहून उघड उदाहरण मला आठवत नाही. आगरकर १८९५ साली, चाळिशीही न गाठता गेले. डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी अंधश्रद्धा निर्मूलनाचे काम करताना शापांची आणि धमक्यांची कधी पर्वा केली नाही. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात त्यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या आणि त्यानंतर काही दिवसांतच जादूटोणाविरोधी कायद्याचा वटहुकूम निघाला.

दैवी कोपाच्या धमकीची दखल मात्र आपल्या कायद्याने त्याच्या कितीतरी आधी घेतली होती. १८६० सालच्या भारतीय दंड संहितेतले कलम ५०८ सांगत असे की, तुझ्यावर देवाचा कोप ओढवेन असे भासवून एखाद्याकडून त्याच्यावर बंधनकारक नसलेले काम करवून घेणे हा गुन्हा आहे आणि त्याला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. भारतीय न्याय संहितेत तेच आता कलम ३५४ झाले आहे. जुन्या कलमाखाली दिलेले उदाहरण धरणे धरण्याचे होते: दारात उपाशी बसून राहायचे आणि घरमालकाला वाटायला लावायचे की याचे पाप आपल्या माथी येईल. कायदा करणाऱ्यांनी देव आहे की नाही या वादात न पडता एवढेच पाहिले की भीती खरी आहे आणि तिचा वापर होतो आहे. अर्थात बसमधल्या नऊ वर्षांच्या मुलीला हे कलम लागू होत नाही, आणि होऊही नये.

बहिणीने त्या रात्री भाचीला सांगितले की आजी कुठेही जाणार नाही, आणि मरणानंतर काय होते याबद्दल वेगवेगळ्या घरांत वेगवेगळे मानतात. भाचीने ते ऐकून घेतले, पण तिचा चेहरा मोकळा झाला नाही. थोड्या वेळाने तिने दुसरा प्रश्न विचारला: ‘‘उद्या ती माझ्या शेजारी बसेल ना?’’ ती बसली, अजूनही बसते. नरकाचा विषय पुन्हा निघाला की भाची म्हणते, ‘‘आमच्याकडे तसं मानत नाहीत,’’ आणि डबा उघडते.